रोजगार हमीचं काम कसं मागायचं आणि मजुरी पदरात कशी पाडून घ्यायची

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून ग्रामसेवकाला "भाऊसाहेब, काही काम निघालं तर कळवा" म्हणालात, तर सरकारच्या लेखी तुम्ही काम मागितलेलंच नाही. कागद दिला आणि त्याची तारखेची पोच हातात घेतली, की मागितलं. निम्म्या लोकांचं घोडं इथंच अडतं, आणि मग वर्षभर "हमी कसली, कामच देत नाहीत" म्हणून बोटं मोडत बसतात.

मी माण तालुक्यात रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहायक होतो. नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याचं मातीकाम, डोंगरउतारावरचे चर, जिथं काम निघेल तिथं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काखोटीला मारून जायचं. आता निवृत्त झालोय, त्यामुळं टेबलाच्या पलीकडं काय चालतं ते मोकळेपणानं सांगता येतं. आजही लोक घरी विचारायला येतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आधी हिशेब

हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अण्णा, लाडक्या बहिणीचे पंधराशे घरबसल्या येत्यात, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार येत्यात. उन्हात चर कशाला खणायचा?"

पंधराशे दरमहा म्हणजे वर्षाला १८,०००. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. एका घराला १०० दिवस पुरे मिळाले आणि मोजमाप नीट बसलं तर ३१,२०० होतात. वर शिवारात बांध नाहीतर विहीर उभी राहते ती वेगळीच. पण माझ्या दृष्टीनं खरा फरक रकमेचा नाही. खात्यावर येणाऱ्या पैशाची यादी वर कुठंतरी बनते. नाव का आलं हे कळत नाही आणि का गळालं हेही कळत नाही. कामाच्या बाबतीत तुम्ही अर्ज दिला की सरकारच्या मागं १५ दिवसांची मुदत लागते. मागणारा तुम्ही, उत्तर देणारे ते. पैसे वाटणाऱ्या दुसऱ्या कुठल्या योजनेत असं उलटं चालताना मी पाहिलं नाही.

अंगात बळच नाही अशा माणसाला मात्र या रांगेत उभं करू नका. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज तहसील कचेरीत होतात, तिकडं न्या. अपंग माणसाला त्याला झेपेल असं काम द्यावं असं कायदाच म्हणतो. पाणी वाढणं, मुलं सांभाळणं हीसुद्धा मजुरीचीच कामं आहेत. पण म्हातारीचं नाव मस्टरवर आणि काम सून करतीय, हे करू नका. मोबाइलवरच्या हजेरीत पकडलं जातं आणि अख्ख्या टोळीचं बिल लटकतं.

कुठला कायदा, किती दिवस

महाराष्ट्राचा स्वतःचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्यामागं तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना आणि १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात आमच्याकडं घराघरांतली माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावावर होती. पैसा कुठून आणायचा या प्रश्नाला तेव्हाचं उत्तर होतं शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर. पुढं २००५ चा केंद्राचा कायदा आला. १०० दिवसांपर्यंत केंद्र आणि त्यापुढं मागणी असली तर राज्य आपल्या कायद्याखाली, अशी आपल्याकडं घडी बसली.

खाली जे नियम सांगतोय ते २००५ च्या कायद्याच्या चौकटीतले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात घरटी दिवस १२५ केलेत आणि पेरणी-काढणीच्या मोसमात मिळून ६० दिवस कामं थांबवायची तरतूद आहे. तेव्हा अर्ज देताना चालू दर किती, दिवस किती, कामं कधी बंद राहणार, हे तीन प्रश्न ग्रामपंचायतीत विचारून वहीत लिहून घ्या. अर्ज, पोच, मस्टर, मोजमाप या चार पायऱ्या मात्र कायदा कुठलाही असो, सांभाळायच्याच.

जॉबकार्ड

रोजगार हमीत घराची नोंद झाल्याचं हे कार्ड. याबद्दल फार लिहीत नाही. अर्ज ग्रामपंचायतीत, फी नाही, १५ दिवसांत कार्ड. घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव त्यावर चढवा, आज कामाला जाणार नसला तरी. नवीन सून आली असेल तर तिचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून इथं घाला. आधारवर माहेरचं आडनाव, कार्डावर सासरचं आणि बँकेत तिसरंच काहीतरी, असं असलं की मजुरी तिच्या खात्यापर्यंत पोचत नाही. कार्ड तुमच्याच घरात राहिलं पाहिजे. "माझ्याकडं असू दे, सोयीचं पडतं" असं मुकादम म्हणाला तर सोय कुणाची ते समजून जा.

बँकेत जाऊन आणखी एक विचारा: खातं नुसतं आधारला जोडलंय, की सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारच्या नोंदीत हेच खातं आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवरूनच खात्यात पडते. दोन बँकांत खाती असली तर पैसे भलत्याच खात्यात जातात आणि बाई इकडं पासबुक भरून भरून थकते. आणि खातं बाईचं स्वतःचं असावं. नवऱ्याच्या खात्यात तिची मजुरी घालू नका, मी तरी कधी तसा सल्ला दिला नाही.

मागणीचा अर्ज

नमुना ४ हा कामाच्या मागणीचा अर्ज. छापील मिळाला तर ठीक, नाहीतर साध्या कागदावर लिहा: जॉबकार्ड नंबर, काम मागणाऱ्यांची नावं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवं, आणि आजची तारीख. निदान सलग १४ दिवसांचं काम मागायचं असतं. तारखेची जागा कोरी ठेवून सही किंवा अंगठा देऊ नका. तिथं पुढं सोयीची तारीख पडते, आणि तुमची १५ दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

एकट्यानं जाऊ नका. एका माणसासाठी काम काढायला कुणी उठत नाही. वस्तीवरचे दहा-पंधरा जण मिळून एका दिवशी अर्ज द्या. कुठलं काम हवं ते माहीत असेल तर तेही सुचवा, कारण कित्येक गावांत मंजूर कामं कागदावर तयार पडलेली असतात, मागणी नाही म्हणून उघडत नाहीत. त्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जाऊन आपल्या शिवाराची कामं आराखड्यात घालून घ्यावी लागतात. ग्रामसभेला जायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. पण जो जातो त्याच्या वस्तीकडं रस्ता जातो, हे मी गावोगाव पाहिलंय.

अर्ज घेऊन गेलात की ठरलेलं उत्तर येतं: "आता कामच नाही, अर्ज घेऊन काय करू?" भांडायचं नाही. हात जोडून म्हणायचं, "भाऊसाहेब, काम नसलं तरी अर्ज तेवढा घ्या. काम काढायचं तुमच्याकडं, मागायचं आमच्याकडं." तरीही घेतला नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावानं द्या आणि आवक शाखेचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. तिथंही टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. पोचेवर सही, शिक्का आणि तारीख तिन्ही बघा. नुसती सही असलेली पोच मी टेबलावर असताना कुणी दाखवली असती तर मलाही ती सहज उडवून लावता आली असती. घरी आल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मोसम पाहून अर्ज द्या. आमच्याकडं ज्वारी काढून झाली की सगळा तालुका एकदम मोकळा होतो आणि एकदमच कामाला येतो. काढणी चालू असतानाच अर्ज टाकला तर १५ दिवस त्यातच सरतात.

१५ दिवसांत काम मिळालं नाही तर

बेकार भत्ता मागायचा. पहिले ३० दिवस मजुरीचा किमान पाव भाग, त्यानंतर किमान निम्मा. ३१२ च्या दरानं ७८ रुपये, मग १५६. मूळ राज्याच्या कायद्यात तर हा भत्ता दिवसाला एक रुपया होता, म्हणजे बघा. या पैशावर घर चालावं असा हेतूच नाही. काम काढलं नाही म्हणून सरकारला लागलेला तो दंड आहे. म्हणून भत्त्याचा अर्ज आणि पोचेची झेरॉक्स टेबलावर पडली, की दोन-चार दिवसांत कुठूनतरी काम निघतं. भत्ता हातात पडलेली माणसं मला फार भेटली नाहीत, पण अर्जामुळं काम निघालेली टोळी तालुक्यात कुठंही भेटेल.

काम दिलं आणि तुम्ही गेलाच नाहीत तर भत्त्यावर पाणी सोडावं लागतं, हेही ध्यानात असू द्या. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत असावं. त्याहून लांब असलं तर मजुरी १० टक्के जास्त.

मस्टर

पूर्वी मी हातानं नावं लिहायचो. आता मस्टर संगणकातून नावांसकट छापून येतं. पहिल्या दिवशी टिकाव उचलायच्या आधी आपलं नाव मस्टरवर आहे का ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. "आज नाव नाही, पुढच्या मस्टरला घालतो, तोवर काम सुरू करा" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी घरी जावा. छापील मस्टरवर नाव नसलेल्याची मजुरी काढायला कुणाकडंही वाट नाही, मनात असलं तरी.

हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटोसकट लागते. डोंगराकडेला रेंज नसते. तिथं फोटो काढून ठेवतात आणि रेंजमध्ये आल्यावर वर चढवतात. संध्याकाळी तो चढला का ते विचारत जा. घरी कॅलेंडरवर किंवा वहीत रोज एक काडी मारा.

खड्डा मोजून देणं

लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथं जातात, म्हणून जरा सविस्तर.

३१२ रुपये हा हजेरीचा दर आहे असं सगळे समजतात. मातीकामात तसं नसतं. ठरलेल्या मापाचं काम झालं तर ३१२, कमी भरलं तर कमी. हजेरी सहा दिवसांची पुरी, आणि हातात दिवसाला दोनशेच्या आसपास, असं झालं की बायका रोजगार सेवकाला, म्हणजे गावात या कामांचं बघणाऱ्याला, शिव्या घालतात. बहुतेक वेळा गोम मोजमापात असते.

डोंगरउताराचा सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत खणलेला चर, घ्या. रुंदी ०.६० मीटर, खोली ०.३० मीटर. दहा मीटर लांबीला माती निघते १.८० घनमीटर. आता खोली ०.२५ भरली, म्हणजे जेमतेम तीन बोटं कमी, तर तीच माती १.५० घनमीटर होते. तीन बोटांत सहावा हिस्सा मजुरी गेली. उतारावर चराची एक कड उंच असते आणि दुसरी खाली. टेप कुठल्या कडेला लावला त्यावर ही तीन बोटं येतात किंवा जातात.

एका कामावर मी पाहिलंय. मोजायला आलेले साहेब चराच्या एका टोकाला टेप सोडून आकडा सांगायला लागले. टोळीतली एक मावशी चरात उतरली, हातातली काठी मधोमध उभी धरली आणि म्हणाली, "सायेब, हितं बी लावा की." काठीवर तिनं ३० सेंटीमीटरची खूण कोयत्यानं आधीच पाडून ठेवली होती. टेप तीन ठिकाणी लागला, सरासरी निघाली. काठी नेहमी जवळ ठेवा. खूण घरातल्या पोराच्या पट्टीवरून पाडा.

मोठा खड्डा असेल, शेततळ्याचा म्हणा, तर मधे एक-दोन जागी न खणलेला मातीचा खुंट राहू द्या. मूळ जमीन कुठवर होती हे त्या खुंटावरून कळतं. तो नसला तर खोली किती याचा वाद मिटत नाही. मोजायचा तो खड्डा, बाहेर पडलेला ढीग नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीचा प्रकार. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. वरच्या वितभर मातीखाली कठीण मुरूम लागला आणि मापपुस्तकात सगळीच माती लिहिली, तर घाम जाऊन मजुरी अर्धी. कठीण थर लागला त्याच दिवशी मोजमाप घेणाऱ्या तांत्रिक सहायकाला फोन करून सांगा, फोटो पाठवा. नंतर सांगून उपयोग नाही. माती किती लांब टाकली आणि किती उंच चढवली, म्हणजे लीड आणि लिफ्ट, यालाही पैसे आहेत. बांधावर माती चढवणाऱ्यांनी हे आवर्जून विचारावं.

टोळी जमवताना सारख्या ताकदीची माणसं घ्या. मजुरी टोळीच्या कामावर निघते. जो दिवसातून दहा वेळा तंबाखू मळायला झाडाखाली जातो, त्याचे पैसे बाकीच्यांच्या हातातून जातात.

कामावर काय मिळालं पाहिजे

पिण्याचं पाणी, सावली, औषधाची पेटी. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एक बाई, आणि तिला मजुरी. हे बायकांनी मागावं. पुरुष मागत नाहीत. कामावर लागलं-खुपलं तर उपचार फुकट, आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर तितके दिवस निम्मी मजुरी.

कंत्राटदार आणि मजुरांची जागा घेणारं यंत्र, दोन्हीला मनाई आहे. तरीही रात्री जेसीबी येऊन जातो आणि सकाळी मस्टरवर चाळीस हजेऱ्या दिसतात. ओळखायला सोपं. टिकावाचा घाव तिरपा आणि वेडावाकडा असतो. बकेटच्या दात्यांच्या रेघा मुरमाच्या कडेवर सरळ, एकमेकीला धरून, वरून खाली गेलेल्या दिसतात. पाऊस पडायच्या आत फोटो काढा. जेसीबी गावातल्याच पुढाऱ्याचा असतो, त्यामुळं तक्रार एकट्याच्या नावानं करू नका, टोळीच्या नावानं करा.

मजुरी लांबली तर

मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला हवेत. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांच्या १,८७२ रुपयांवर ती होते दिवसाला ९४ पैसे. हसू येतं, पण मागाच. भरपाई मागितली की उशीर कुणाच्या टेबलावर झाला हे लेखी लिहावं लागतं, आणि ते कुणालाच नको असतं.

आधी अडकलंय कुठं ते शोधा. तुमच्या जॉबकार्डाची हजेरी, मस्टर नंबर आणि रक्कम योजनेच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसते, कॉलेजात जाणारं पोरगं पाच मिनिटांत काढून देतं. मोजमापच चढलं नसेल तर तांत्रिक सहायक. बिल तयार होऊन सही राहिली असेल तर पंचायत समिती. पैसे गेले आणि परत आले असतील तर खात्याची भानगड, तेव्हा बँकेत. तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी बोंब मारत फिरण्यात मजुरी बुडते आणि प्रत्येकजण पुढच्याकडं बोट दाखवतो.

लेखी तक्रार गटविकास अधिकारी किंवा तहसीलदारांकडं, मस्टर नंबर घालून. तिचा निपटारा सात दिवसांत व्हायला हवा. त्यावरही हललं नाही तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्यांकडं. गावात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे झालेल्या कामाची आणि मजुरीची गावात येऊन तपासणी, होतं तेव्हा तपासणारे पाहुणे घरोघरी विचारत येतात. त्यांच्यापुढं "सगळं बरं हाय" म्हणू नका. तुमची काड्या मारलेली वही पुढं ठेवा.

वर्ष मार्चअखेरीला संपतं आणि उरलेले दिवस पुढच्या वर्षात जात नाहीत. फेब्रुवारीत एकदा घराचे किती दिवस भरले ते बघा. पन्नासच भरले असतील तर महिना संपायच्या आत पुढचा अर्ज टाका, पोचेसकट.